रासायनिक कारखान्यातली सुरक्षा : परमिट, ब्लाइंड आणि रात्रपाळी

एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांच्या गेटवर ‘अपघाताविना इतके दिवस’ अशी पाटी असते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, तेव्हा शपथ होते, पोस्टरं लागतात, हेल्मेट आणि गॉगल वाटले जातात. यात वाईट काहीच नाही. पण ती पाटी मोजते काय? कोणी घसरून पडलं, कोणाचा हात सापडला, कोणाच्या डोळ्यात ॲसिड उडालं आणि तो माणूस रजेवर गेला, इतकंच. रिॲक्टर (रसायनांची क्रिया घडवणारं बंद भांडं) फुटेल का, टाकीत उतरलेला हेल्पर वर येईल का, याविषयी त्या आकड्यातून काहीच कळत नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण गेले. किरकोळ इजांचे आकडे घटताहेत, म्हणजे कारखाना सुरक्षित होतोय, अशी तिथल्या व्यवस्थापनाची समजूत होती, हे पुढे चौकशीत निघालं.

तारापूर, डोंबिवली, रोहा, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ या पट्ट्यांत औषधांचा कच्चा माल, रंग, कीटकनाशकं, रेझिन बनवणारे शेकडो मध्यम आणि लहान कारखाने आहेत. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले आणि दोन्ही वेळा कारखान्याच्या कुंपणाबाहेर दूरवर खिडक्यांच्या काचा फुटल्या. अशा कारखान्यांत माणसं नेमकी कशामुळे दगावतात आणि ते टाळायला रोज काय करावं लागतं, ते इथे मांडलं आहे.

बॅच हाताबाहेर का जाते

या कारखान्यांतलं बरंचसं काम बॅचमध्ये, म्हणजे एका वेळी ठरावीक माल घेऊन, चालतं. रिॲक्टरमध्ये एक माल भरायचा, स्टिरर (ढवळणारा पंखा) चालू ठेवायचा आणि दुसरा माल वरून हळूहळू सोडायचा, याला ॲडिशन म्हणतात. अनेक रासायनिक क्रियांमध्ये उष्णता बाहेर पडते. ती काढून घ्यायला रिॲक्टरभोवती जॅकेट असतं आणि त्यात थंड पाणी किंवा ब्राइन (गार केलेलं मिठाचं पाणी) फिरतं. जोवर तयार होणारी उष्णता जॅकेट ओढून घेतंय, तोवर बॅच ताब्यात.

आता एक साधा हिशेब करू. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. बॅच ६० अंशांवर आहे आणि जॅकेटमध्ये १० अंशांचं ब्राइन आहे असं धरा. दोन्हींत फरक ५० अंशांचा. काही कारणाने बॅच १०० अंशांवर गेली, तर उष्णता तयार होण्याचा वेग चार वेळा दुप्पट होईल, म्हणजे १६ पट. जॅकेटशी असलेला फरक मात्र ५० वरून ९० वर जाईल, म्हणजे थंड करण्याची ताकद वाढेल जेमतेम १.८ पट. म्हणून एका हद्दीपुढे ब्राइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी काही उपयोग होत नाही. तापमान वाढतं म्हणून उष्णता वाढते, उष्णता वाढते म्हणून तापमान वाढतं. हे चक्र सुरू झालं की हातात मिनिटं उरतात. इंडस्ट्रीत याला ‘रनअवे’ म्हणतात.

दुसरा हिशेब प्रयोगशाळा आणि प्लांट यांच्यातला. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये सुरळीत झालेली क्रिया ५,००० लिटरच्या रिॲक्टरमध्ये केली, तर आकारमान ५,००० पट होतं, पण थंड करणारा पृष्ठभाग वाढतो सुमारे २९० पटच. दर लिटर मालाच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग फ्लास्कच्या तुलनेत सतराव्या हिश्श्यावर येतो. ‘लॅबमध्ये तर काहीच तापलं नाही’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. फ्लास्क स्वतःच भराभर थंड होत असतो. खरी माहिती हवी असेल तर रिॲक्शन कॅलरीमीटरवर (क्रियेत किती उष्णता निघते ते मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी करून घ्यावी लागते. थंडपणा पूर्ण बंद पडला तर बॅच किती अंशांपर्यंत चढेल आणि त्या तापमानाला मालाचं विघटन सुरू होतं का, हे दोन आकडे तिच्यातून मिळतात. हे आकडे हाती नसताना बॅच घेणारे कारखाने आजही आहेत, आणि यात बदल होणं सगळ्यात तातडीचं आहे.

याचं एक नोंदलेलं उदाहरण फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचं आहे. १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कंपनीचा रिॲक्टर फुटला आणि चौघे गेले. ती त्यांची १७५वी बॅच होती. आधीच्या १७४ निघाल्या होत्या. थंड करायला एकच पाण्याची व्यवस्था होती, पर्यायी नव्हती. शिवाय सुमारे १९९ अंशांच्या वर सोडियम आणि विद्रावक यांच्यात दुसरीच, जास्त उग्र क्रिया सुरू होते, हे कंपनीला माहीत नव्हतं. रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट मोकळी करणारी पातळ चकती) होती, पण सुमारे २८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला फुटणारी. ती बरीच खालच्या दाबाला बसवली असती, तर पहिल्याच टप्प्यात वाफ बाहेर पडून बॅच निवली असती.

थंड बॅचही तितकीच घातक ठरू शकते, आणि हे ऑपरेटरला समजावून सांगायची फार गरज आहे. ॲडिशन चालू असताना तापमान ठरल्यापेक्षा खाली असेल, तर माल पडतो पण क्रिया होत नाही. न वापरलेला माल साचत जातो. ‘तापमान खाली आहे, म्हणजे चांगलंच आहे’ असं समजून ॲडिशन चालू राहतं. मग कोणीतरी वाफ देतो किंवा बॅच आपसूक चढते, आणि साचलेला सगळा माल एकदम पेट घेतल्यासारखा क्रिया करतो. स्टिररचंही तेच. नायट्रेशनसारख्या क्रियेत स्टिरर बंद पडला की जड आणि हलका असे दोन थर वेगळे होतात. ते कळल्यावर घाईने स्टिरर पुन्हा चालू करणं ही सर्वांत धोकादायक कृती. त्या क्षणी दोन्ही थर एकत्र मिसळतात. स्टिरर थांबला तर आधी ॲडिशन बंद करायचं, जॅकेटचा थंडावा चालू आहे ना ते पाहायचं, वरिष्ठांना बोलवायचं. पुन्हा चालू करायचा की नाही आणि कसा, हे बॅच शीटवर आधीच लिहिलेलं हवं.

म्हणून ॲडिशनच्या व्हॉल्व्हला चार गोष्टींचं इंटरलॉक (मर्यादा मोडली की व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी जोडणी) असावं : तापमान वरची मर्यादा ओलांडतंय, तापमान खालच्या मर्यादेखाली गेलंय, स्टिरर थांबलाय, ब्राइनचा प्रवाह थांबलाय. स्टिररसाठी मोटर चालू असल्याचा सिग्नल पुरत नाही. कपलिंग तुटलं किंवा ब्लेड निखळलं तरी मोटर फिरतच राहते, फक्त तिचा करंट पडतो. त्यामुळे करंट खाली गेल्यावरही अलार्म यायला हवा. वीज जाण्याचंही उत्तर तयार लागतं. कोकणात जून-जुलैमध्ये वीज जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. डीजी (डिझेल जनरेटर) किती सेकंदांत भार घेतो आणि त्यावर स्टिरर व ब्राइन पंप आहेत का, हे महिन्यातून एकदा खऱ्या भारावर पाहावं. ऑफिसचे दिवे आणि एसी डीजीवर, पण ब्राइन पंप नाही, अशी जोडणी तपासणीत सापडल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.

अडथळे असतात, पण चालू असतात का?

रप्चर डिस्क, स्क्रबर, इंटरलॉक, अलार्म हे सगळे एकामागे एक उभे केलेले अडथळे. एक चुकला तर पुढचा अडवेल, ही त्यामागची कल्पना. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होतं आणि त्यात पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने आधीच बंद केलेली होती. विषारी वायू धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर होता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. कागदावर तीन अडथळे होते. त्या रात्री कामाला आला असा एकही नव्हता.

विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनच्या टाकीतून वायू सुटून १२ जण गेले. लॉकडाउनमुळे माल नेहमीपेक्षा जास्त दिवस टाकीत पडून होता, आणि तापमापी टाकीच्या तळाशी होती. वरचा थर तापत होता, तो तिला दिसलाच नाही. रिॲक्टर बंद आहे, फक्त माल साठवलाय, म्हणजे धोका नाही, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

प्लांटमध्ये अडथळे एकदम पडत नाहीत, झिजत जातात. अलार्म वारंवार खोटा वाजतो, म्हणून इन्स्ट्रुमेंटवाला जंपर (अलार्मला वगळणारी वायर) टाकतो. दोन दिवसांत काढू म्हणतो. तोवर त्याची पाळी बदलते आणि जंपर सहा महिने तिथेच राहतो. रप्चर डिस्कवर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि दोन्हींच्या मध्ये प्रेशर गेज असतो. डिस्कला सुईएवढं भोक पडलं की तो गेज दाब दाखवू लागतो. तो दाब मागून ढकलत असल्यामुळे डिस्क ठरल्यापेक्षा बऱ्याच जास्त दाबाला फुटते. म्हणजे त्या छोट्या गेजवर काटा हलला की डिस्क बदलायची वेळ आली. पण पाइपरॅकवर चढून तो गेज बघतो कोण? प्रत्येक पाळीच्या राउंडच्या यादीत त्याचं नाव असेल तरच बघितला जातो.

याला सोपा उपाय आहे. बायपासचं एक रजिस्टर. कोणता इंटरलॉक किंवा अलार्म बंद केला, कोणी परवानगी दिली, किती वाजेपर्यंत, आणि तोवर त्याच्या जागी काय करणार, हे चार रकाने. तिसऱ्या रकान्यात ‘दुरुस्त होईपर्यंत’ असं लिहायला मनाई. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये उत्पादनाच्या आकड्याआधी हे रजिस्टर वाचावं. आज किती इंटरलॉक बायपासवर आहेत आणि किती सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचण्या तारीख उलटून राहिल्या आहेत, हे दोन आकडे गेटवरच्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त खरं सांगतात.

परमिट म्हणजे काय आणि ते कुठे फसतं

दुरुस्ती, वेल्डिंग, लाइन खोलणं, टाकीत उतरणं या कामांना परमिट लागतं. पुष्कळ ठिकाणी ते सही गोळा करायचा कागद होऊन बसलं आहे. ठेकेदाराचा सुपरवायझर सकाळी आठला पाच परमिटं घेऊन केबिनमध्ये येतो, इनचार्ज चहा घेता घेता सह्या करतो. अशा परमिटाचा उपयोग अपघातानंतर चौकशीत होतो, त्याआधी नाही.

परमिटातून घडायला हवं ते इतकंच की प्लांट चालवणारा आणि काम करणारा, दोघांनी मिळून त्या जागी जाऊन काय बंद केलंय ते डोळ्यांनी पाहायचं आणि हाताने चाचपायचं. सही तिथेच, उपकरणापाशी करायची. परमिट एका पाळीचं. पाळी बदलली की नवा इनचार्ज पुन्हा जागेवर जाऊन पाहतो आणि मगच मुदत वाढवतो.

पाळी बदलताना काय होऊ शकतं, हे ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर दिसलं. कंडेन्सेट (वायूतून निघणारा ज्वलनशील द्रव) ढकलणाऱ्या एका पंपावर दोन कामं निघाली होती. एक पंपाच्या दुरुस्तीचं, जे अजून सुरू व्हायचं होतं. दुसरं त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं : तो व्हॉल्व्ह काढून नेला होता आणि जागेवर ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) बसवली होती, पण ती गॅस थोपवेल इतकी घट्ट नव्हती. दोन परमिटं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला. कंट्रोल रूममधल्यांना पहिलं परमिट सापडलं, दुरुस्ती सुरूच झालेली नाही हे कळलं आणि त्यांनी तो पहिला पंप चालू केला. सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. १६७ माणसं गेली. आग विझवणारे पंपही आपोआप सुरू होणार नव्हते, कारण पाणबुडे पाण्यात काम करतात म्हणून ते हाताने चालू करायच्या स्थितीत ठेवले होते.

म्हणून एका उपकरणाची सगळी परमिटं एकाच फळ्यावर, उपकरणाच्या नावाखाली लावावीत. एकाला दुसऱ्याचा नंबर लिहिलेला असावा. आणि उपकरण विजेने चालणारं असेल, तर त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप लागावं, चावी त्याच्या खिशात. सहा जण काम करत असतील तर सहा कुलपं. नुसता टॅग (‘चालू करू नका’ची चिठ्ठी) पुरत नाही. टॅग वाऱ्याने उडतो, पावसात भिजतो, वाचता येत नाही. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून मोटर खरंच फिरत नाही ना, हे पाहायचं आणि मग हात घालायचा. चुकीचा फीडर (वीजपुरवठ्याची लाइन) कुलूपबंद केला, हे कळायची ती शेवटची संधी असते.

व्हेसलमध्ये उतरणं

टाकी, रिॲक्टर, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) खड्डा, सम्प (पाणी साचण्याचा खड्डा), सेप्टिक टँक : बंद जागेतले मृत्यू एकाच पद्धतीने घडतात. एक जण उतरतो आणि कोसळतो. दुसरा त्याला काढायला उडी मारतो, तोही पडतो. मग तिसरा. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये लिहिलं होतं की अशा घटनांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडच्या बातम्या वाचल्या तरी तेच दिसतं. त्यात अनेकदा बाप-लेक, भाऊ-भाऊ असतात.

लोक म्हणतात, ‘गॅस लागला’. पण पुष्कळदा विषारी गॅस नसतोच, ऑक्सिजन नसतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली आणि २३.५ च्या वर कोणी आत जायचं नाही. नायट्रोजनने पर्ज केलेल्या (आतली हवा हाकलून नायट्रोजन भरलेल्या) रिॲक्टरमध्ये तो जवळपास शून्य असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घुसमट जाणवत नाही. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वास घेतले की माणूस शुद्ध हरपतो. मॅनहोलमध्ये नुसतं डोकं घालून वाकून पाहणाराही आत पडतो. हायड्रोजन सल्फाइडची वेगळीच गंमत नव्हे, वेगळाच घात : थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक मरतं आणि वास गेला असं वाटतं. वास गेला म्हणून उतरलेला माणूस जास्त विषात उतरलेला असतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्येच हे लिहिलेलं होतं : घातक वायू काढून टाकण्याचे सगळे शक्य उपाय करा, आणि मगच सक्षम व्यक्तीच्या लेखी दाखल्यावर, किंवा श्वसनयंत्र आणि बाहेरच्याने धरलेल्या दोराचा पट्टा लावून, माणूस आत पाठवा. पुढच्या कलम ३६ अ ने आतल्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणजे काय करायचं ते फार पूर्वीपासून माहीत आहे.

क्रम असा. आधी व्हेसल रिकामं करून धुवायचं. मग त्याला जोडलेली प्रत्येक लाइन तोडायची. व्हॉल्व्ह बंद करणं याला तोडणं म्हणत नाहीत. केमिकलच्या कामातले व्हॉल्व्ह पासिंग होतात (बंद असूनही आतून गळतात), सीटवर खडा अडकतो, कोणीतरी चुकून उघडतो. एक तर लाइनचा तुकडा काढून दोन्ही तोंडं बंद करायची, नाहीतर फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) पूर्ण जाडीचा ब्लाइंड (लाइन अडवणारी चकती) मारायचा. नायट्रोजनची लाइन सगळ्यात आधी, कारण ती सगळ्यात जास्त विसरली जाते. किती ब्लाइंड मारले त्याची यादी आणि प्रत्येकाला नंबर. काम झाल्यावर तितकेच परत मोजून काढायचे, नाहीतर पुढच्या बॅचला व्हेंट लाइनमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपात) ब्लाइंड राहिलेला सापडतो. स्टिररचा फ्यूज काढून कुलूप लावायचं.

मग हवा. ब्लोअरचा पाइप व्हेसलच्या तळापर्यंत सोडायचा, नाहीतर वरच्यावर हवा फिरते आणि खाली गॅस तसाच राहतो. ब्लोअर हवा ओढतो ती जागा स्वच्छ हवी, शेजारी डीजीचा धूर नको. आणि कितीही उकडत असलं तरी ऑक्सिजनच्या सिलिंडरची नळी आत सोडायची नाही. ऑक्सिजन वाढला की कपडे, ग्रीस, केस कापूर पेटावा तसे पेटतात.

मग गॅस टेस्ट. बाहेर उभं राहून, नळी आत सोडून, वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी. मिथेन वर जमतो, विद्रावकांच्या वाफा तळाशी बसतात. आधी ऑक्सिजन पाहायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. या क्रमाला कारण आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आत वायूचं ज्वलन करूनच मोजतो, आणि ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या रिॲक्टरमध्ये टोल्युइन या विद्रावकाची वाफ भरपूर असली तरी तो मीटर ‘शून्य’ दाखवतो. ऑक्सिजन न पाहता तो शून्य वाचणारा माणूस फसतो. ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला तो पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांहून जास्त असेल तर आत जायचं नाही. आत वेल्डिंग करायचं असेल तर शून्यच हवा. नळी लांब असेल तर वायू मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पातळीला एक-दोन मिनिटं थांबायचं. मीटर रोज सकाळी माहितीच्या वायूवर तपासलेला हवा. आणि जेवायला बाहेर आले की परत उतरण्याआधी टेस्ट पुन्हा. गाळ ढवळला की त्यातून वायू सुटतो, त्यामुळे आत असताना मीटर अंगावर चालू ठेवणं उत्तम.

मॅनहोलपाशी एक माणूस कायम उभा. त्याला दुसरं काम नाही, त्याने पाणी आणायलाही जायचं नाही. आत गेलेल्यांची नावं त्याच्याकडे लिहिलेली. आतला कोसळला तर त्याने काय करायचं? ओरडायचं, वायरलेसवर कळवायचं, बाहेरून विंचने ओढायचं. आत जायचं नाही, कधीही नाही. म्हणून पहिल्यापासून आतल्याच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस, त्याला दोर, वर ट्रायपॉड आणि विंच असावी लागते. तोंडावरचा काडतुसाचा मास्क इथे कामाचा नाही, तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. एससीबीए, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारं श्वसनयंत्र, लागतो. ६ लिटरच्या, ३०० बारच्या सिलिंडरमध्ये साधारण १,८०० लिटर हवा असते. धडपडत काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो, म्हणजे ४५ मिनिटं, आणि भेदरलेला त्याहून पुष्कळ कमी. बऱ्याच जुन्या रिॲक्टरांचं मॅनहोल ४५० मिलिमीटरचं असतं. पाठीवर सिलिंडर घेतलेला माणूस त्यातून जात नाही. ही गोष्ट सरावात कळलेली बरी.

छोटासा बदल

१ जून १९७४. इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. सहा रिॲक्टरांच्या रांगेतल्या पाचव्याला तडा गेला, म्हणून तो काढून चौथ्या आणि सहाव्याला २० इंची पाइपने जोडलं. रिॲक्टरांची तोंडं २८ इंचांची होती. पाइपचं चित्र वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलं होतं. ताणाचा हिशेब झाला नाही. दोन महिन्यांनी तो पाइप निखळला, सायक्लोहेक्झेन या ज्वलनशील द्रवाच्या वाफेचा ढग पेटला आणि २८ जण गेले.

बदल नेहमी असेच येतात, घाईत आणि चांगल्या हेतूने. गास्केट संपलं म्हणून दुसऱ्या मटेरियलचं लावलं. नेहमीच्या सप्लायरकडे माल नव्हता म्हणून दुसऱ्याचा घेतला, त्यात लोखंडाचा अंश जास्त निघाला आणि पेरॉक्साइडचं विघटन सुरू झालं. बॅच लवकर निघावी म्हणून ॲडिशन चार तासांवरून अडीच तासांवर आणलं. जसाच्या तसा सुटा भाग बदलला तर तो बदल नव्हे. बाकी सगळं, मग ते एका दिवसापुरतं का असेना, लिहून, उत्पादन-मेंटेनन्स-सेफ्टी अशा तिघांनी पाहून, मगच करायचं. त्यात एक रकाना हवा : हे तात्पुरतं असेल तर कोणत्या तारखेला काढणार. आणि बदल झाल्यावर चारही पाळ्यांना कळलं का, हे सह्यांनी तपासायचं. सुट्टीवरून परतलेला ऑपरेटर जुन्याच पद्धतीने बॅच घेतो, हा अपघात टाळता येण्यासारखा आहे.

रात्री दोन वाजता

दिवसा मॅनेजर असतो, सेफ्टी ऑफिसर असतो, डॉक्टर असतो. रात्री दोन वाजता एक शिफ्ट इनचार्ज, दोन केमिस्ट आणि बाकी ठेक्यावरची मुलं. त्यांतल्या अनेकांची पहिली भाषा मराठी नाही. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. भिंतीवरच्या मराठी-इंग्रजी सूचना त्यांना वाचता येतीलच असं नाही. प्रशिक्षण झालं का, हे सहीवरून कळत नाही. ‘स्टिरर बंद पडला तर पहिल्यांदा कशाला हात लावशील?’ असं प्लांटमध्ये उभं करून विचारलं की कळतं. आठवड्याभरात एकेका पाळीत पाच जणांना असं विचारलं, तर महिन्यात सगळं चित्र हाती येतं.

पाळी बदलताना अर्धा तास एकत्र असावा आणि तो पगारी असावा. गेटवर मोटारसायकल चालू ठेवून ‘सगळं ओके’ म्हणणं याला हँडओव्हर म्हणत नाहीत. कोणती बॅच कुठल्या टप्प्यावर, काय बायपासवर, कोणती परमिटं उघडी, कुठला व्हॉल्व्ह पासिंग, हे वहीतून आणि शक्यतो रिॲक्टरपाशी उभं राहून.

आणि ज्याला काही चुकतंय असं वाटतं त्याने बॅच थांबवली तर त्याचं काय होतं, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात कलम ४१ एच आलं आणि जिवाला लगेच धोका आहे अशी रास्त शंका आली तर ती वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालायचा हक्क कामगाराला मिळाला. कागदावरचा हक्क वापरला जातो की नाही, हे पहिल्या वेळी ठरतं. रात्री कोणी ॲडिशन थांबवलं, सकाळी कळलं की काही नव्हतं, नुसती तापमापी बिघडली होती, आणि त्याला बॅच उशिरा निघाल्याबद्दल बोलणी बसली, तर त्या प्लांटमध्ये पुन्हा कोणी थांबवणार नाही. त्याला त्याच मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘बरोबर केलंस’ म्हणावं लागतं, आणि मनापासून.

मोठा धोका असलेल्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावं लागतं. ते बहुतेक वेळा सकाळी अकराला, सगळ्यांना आधी सांगून होतं. वर्षातलं एक तरी रात्री, न सांगता, पावसात करावं. तेव्हा बरंच काही दिसतं. विंड सॉकवर (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीवर) दिवा नाही, त्यामुळे वारा कुठला ते अंधारात कळत नाही आणि लोक वायूच्याच दिशेने पळतात. असेंब्ली पॉइंटवर (सगळ्यांनी जमायच्या जागी) हजेरी घेताना ठेकेदाराची माणसं आणि माल उतरवायला आलेल्या टँकरचा ड्रायव्हर-क्लीनर यादीत नाहीत. एससीबीएच्या कपाटाची चावी सेफ्टी ऑफिसरच्या घरी. शेजारच्या कारखान्याला आणि पलीकडच्या वस्तीला कोणी फोन करायचा, हे ठरलेलंच नाही, आणि फळ्यावरचा अग्निशमन केंद्राचा नंबर दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे.